भाडे स्वस्त, पण मालक कोण?

युरोपातील कामगार संघटना, भाडेकरूंच्या समित्या, स्थलांतरितांची मंडळे आणि लहान नियतकालिके यांच्यापुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. संघटनेचे संकेतस्थळ, सभासदांची यादी आणि अंतर्गत पत्रव्यवहार ज्या सर्व्हरवर ठेवायचा, तो कोणाकडून भाड्याने घ्यावा? प्रश्न दिसायला किरकोळ. कार्यकारिणीच्या बैठकीत तो शेवटच्या पाच मिनिटांत, चहाचे पेले गोळा होत असताना निघतो आणि 'संगणक कळणाऱ्या' एखाद्या तरुण सहकाऱ्याच्या गळ्यात पडतो. तो तरुण चार कंपन्यांचे दरपत्रक पाहतो. प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्क किती आणि महिन्याचे भाडे किती, एवढ्या चार रकान्यांची तुलना करतो आणि चार-पाच युरोंत मिळणारा सर्वांत स्वस्त सर्व्हर घेऊन मोकळा होतो. कोणी शंका काढलीच, तर उत्तर तयार असते : हा तांत्रिक प्रश्न आहे, यात राजकारण आणू नये.

'हा तांत्रिक प्रश्न आहे' हे वाक्य समाजवादी चळवळीला नवे नाही. एका विणकराने दोन माग चालवावेत की चार, हाही गिरणीमालकांच्या मते तांत्रिक प्रश्नच होता. धरणाच्या भिंतीची उंची किती असावी, हाही तांत्रिक प्रश्न होता. बुडणारी गावे त्या गणितात नव्हती. एखादा निर्णय तांत्रिक ठरवला की त्यातून मालकी, सत्ता आणि नफा हे तीन शब्द आपोआप गळून पडतात. ते गळून पडावेत अशीच ज्यांची इच्छा असते, त्यांना 'तांत्रिक' या विशेषणाइतके सोयीचे दुसरे काही नाही.

भिंत घातलेली चाळ

व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, या नावात 'प्रायव्हेट' हा शब्द आहे. वस्तुस्थिती अशी की एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक भाग पाडले जातात आणि प्रत्येक भाग निराळ्या भाडेकरूला दिला जातो. प्रत्येकाला वाटते की यंत्र आपले आहे. खरे पाहता ती चाळीतली खोली असते. छप्पर एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मालकाकडे. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला चालत्या सर्व्हरची स्मृती वाचणे तत्त्वतः शक्य असते. भाडेकरूने आतून कितीही कुलपे लावली, तरी किल्ली त्याच खोलीत ठेवावी लागते.

या चाळीत आणखी एक जुना व्यवहार चालतो. सगळे भाडेकरू एकाच वेळी नळ सोडत नाहीत, या भरवशावर मालक टाकीत असेल त्याहून अधिक पाणी विकतो. प्रोसेसरच्या बाबतीत हे सर्रास होते. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात 'स्टील टाइम' नावाचा एक आकडा दिसतो. आपल्या सर्व्हरला काम करायचे होते, परंतु प्रोसेसर दुसऱ्या भाडेकरूकडे गुंतल्यामुळे ताटकळावे लागले, अशा वेळेचे ते मोजमाप आहे. त्याला 'चोरी' हे नाव खुद्द अभियंत्यांनीच दिले आहे! दरपत्रकात हा आकडा नसतो. दोन कंपन्या सारख्याच भाड्यात सारखाच माल देताना दिसतात; त्यांतील एकीने तोच माल किती जणांना विकला आहे, हे भाडे भरल्यावर कळते.

आणि हा माल तरी कोणाच्या श्रमाचा? लिनक्सचा आरंभ १९९१ साली हेलसिंकी येथील एका विद्यार्थ्याने केला. पुढे जगभरच्या हजारो हातांनी ते वाढवले. यंत्राचे भाग पाडणारे झेन हे तंत्र केंब्रिज विद्यापीठातील संशोधनातून आले. त्याच कामाचे केव्हीएम हे साधन २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे आणि ते सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमुळे हा धंदा उभा राहिला, ते समाईक धन आहे. सर्व्हरची कंपनी भाडे घेते ते जागेचे, विजेचे, यंत्रांचे आणि ती सांभाळणाऱ्या कामगारांच्या श्रमाचे. त्याबद्दल रास्त मोबदला मिळावा, यात वाद नाही. वाद आहे तो मालकी कोणाची, कायदा कोणाचा आणि अटी कोणाच्या, याबद्दल.

लंडनचा धडा

७ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनमधील एका डेटा सेंटरमधून इंडीमीडिया या स्वतंत्र वृत्तजालाच्या दोन सर्व्हरच्या डिस्क काढून नेण्यात आल्या. निरनिराळ्या देशांतील वीसहून अधिक संकेतस्थळे एका झटक्यात बंद पडली. सर्व्हर ब्रिटनमध्ये होते. परंतु ते रॅकस्पेस या टेक्सासमधील कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते. आदेश निघाला तो अमेरिकेत, इटलीतील एका तपासाला साहाय्य म्हणून. ब्रिटनच्या कोणत्याही पोलीस यंत्रणेचा त्यात भाग नव्हता, असे तेथील सरकारने पार्लमेंटमध्ये सांगितले. ज्या संघटनेचे सर्व्हर गेले तिला कारणही सांगण्यात आले नाही; आदेश गुप्त होता. पुढल्या वर्षी न्यायालयीन कागदपत्रे उघड झाली, तेव्हा कळले की मागणी केवळ काही नोंदींची होती. कंपनीने मागितले त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे संपूर्ण डिस्कच, हवाली केल्या होत्या.

यंत्र युरोपच्या भूमीवर आहे म्हणून ते युरोपच्या कायद्याखाली सुरक्षित आहे, हा भ्रम त्या दिवशीच संपायला हवा होता. तो संपला नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने क्लाउड अॅक्ट संमत करून या प्रथेला राजरोस कायद्याचे रूप दिले. विदा जगात कोठेही असो, ती अमेरिकी कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली असेल, तर अमेरिकी आदेशानुसार ती द्यावी लागेल, असे हा कायदा सांगतो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीने मायक्रोसॉफ्टच्या फ्रेंच शाखेच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारले : फ्रेंच अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून फ्रेंच नागरिकांची विदा अमेरिकी सरकारकडे जाणार नाही, याची हमी देता येईल काय? हमी देता येत नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. यानंतरही 'आमची यंत्रे फ्रँकफर्टला आहेत' ही जाहिरात वाचून निश्चिंत होणाऱ्या संघटनेला भोळी म्हणावे लागेल.

यात गमावण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांसाठी ब्रिटनमधीलच आणखी एक दाखला आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने 'कन्सल्टिंग असोसिएशन' नावाच्या संस्थेवर छापा घातला. तेथे ३,२१३ जणांची नावे असलेली काळी यादी सापडली. चाळीसहून अधिक बांधकाम कंपन्या पैसे भरून त्या यादीचा वापर करीत होत्या. कोण युनियनचे काम करतो, कोण सुरक्षिततेबद्दल तक्रार करतो, याची टिपणे त्या कार्डांवर होती. ज्यांची नावे त्यात होती त्यांतील कित्येकांना वर्षानुवर्षे काम का मिळत नाही, हे समजले नव्हते. त्या कार्डांच्या पेटीसाठी संगणकाचीही गरज पडली नव्हती. आज तीच यादी, अद्ययावत आणि पत्त्यांसह, युनियन स्वतःच तयार करते आणि चार युरोंच्या खोलीत ठेवते. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या कायद्याने कामगार संघटनेचे सभासदत्व आणि राजकीय मते यांना विशेष संरक्षण दिले आहे, ते याचमुळे. कायद्याला जे कळले ते कार्यकारिणीला कळू नये काय?

झेंडा बदलला म्हणजे मालक बदलतो?

हे सारे मान्य करणारा एक वर्ग दुसऱ्या टोकाला जातो. अमेरिकी कंपनी नको ना, मग युरोपीय घ्या. प्रश्न मिटला, असे तो म्हणतो. 'डिजिटल सार्वभौमत्व' ही घोषणा युरोपात सध्या मंत्र्यांपासून भागधारकांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. घोषणेमागील दुखणे खोटे नाही. सिनर्जी रिसर्च या संस्थेच्या मोजणीनुसार युरोपच्या क्लाउड बाजारपेठेत युरोपीय कंपन्यांचा वाटा २०१७ मधील २९ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत १५ टक्क्यांवर आला. अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन कंपन्यांनीच सुमारे सत्तर टक्के बाजार व्यापला आहे. मक्तेदारी म्हणतात ती हीच. परंतु एका मक्तेदारीला उत्तर म्हणून देशी भांडवलाची आरती ओवाळणे, हा समाजवादी मार्ग नव्हे.

गाया-एक्सचे उदाहरण घ्यावे. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या पुढाकाराने युरोपच्या स्वावलंबी क्लाउडसाठी हा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्यापासून स्वावलंबी व्हायचे, त्या अमेरिकी कंपन्यांनाच सभासद म्हणून आत घेण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्केलवे ही फ्रेंच कंपनी उपक्रमातून बाहेर पडली.

कंपन्यांची नावे फसवी असतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. होस्ट युरोप या समूहाच्या नावातच युरोप आहे. २०१७ मध्ये तो गोडॅडी या अमेरिकी कंपनीने विकत घेतला. म्युनिकची कोंटाबो स्वस्त भाड्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये तिची सूत्रे केकेआर या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली. अशा मालकीमुळे अमेरिकी कायद्याचा हात सर्व्हरपर्यंत पोचतो की नाही, यावर वकील वाद घालतील. भाडे, नोकरकपात आणि पुढील विक्री यांचे निर्णय कोठे होतात, याबद्दल मात्र वादाला जागा नाही. फ्रान्समधील गांदी ही कंपनी ग्राहकांशी सरळ वागण्याबद्दल नावाजलेली होती. २०२३ मध्ये ती एका मोठ्या समूहात विलीन झाली. त्याच वर्षी डोमेनसोबत विनामूल्य मिळणाऱ्या टपालपेट्या बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. लहान कंपनीचा सज्जनपणा हा संस्थापकाचा गुण असतो. कंपनी विकली गेली की तो गुण विक्रीखतात उतरत नाही.

मालक खरोखरच युरोपीय असला तरी काय? ओव्हीएच ही १९९९ मध्ये स्थापन झालेली, रूबे या उत्तर फ्रान्समधील जुन्या कापडगिरण्यांच्या गावातील कंपनी. तिच्या कॅनडातील शाखेमुळे युरोपातील सर्व्हरशी संबंधित माहिती कॅनडाच्या पोलिसांनी मागितली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ऑन्टारिओच्या न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. अनेक देशांत दुकाने थाटणारे भांडवल अनेक देशांच्या पोलिसांना उत्तरदायी होते, हा त्याचा सरळ अर्थ. आणि युरोपातील सरकारे स्वतः डाव्या चळवळीची मित्र आहेत, असे तर कोणीच मानू नये. हँबर्गच्या जी-२० परिषदेवेळच्या संघर्षानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मनीच्या गृहमंत्र्याने 'लिंक्सउंटेन इंडीमीडिया' या संकेतस्थळावर बंदी घातली. त्यासाठी अमेरिकी आदेशाची गरज पडली नाही.

राख आणि पागडी

सत्तेच्या प्रश्नाइतकाच रोकडा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्णतः जळाली. शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. त्यांत फ्रेंच सरकारची स्थळेही होती. पुढे अग्निशमन दलाच्या अहवालात नमूद झाले, की तेथे आपोआप चालणारी अग्निशामक यंत्रणा नव्हती आणि संपूर्ण वीजपुरवठा एकदम तोडण्याची सोयही नव्हती. स्वस्त भाड्याचे गणित कोठे जुळवले जाते, त्याचे हे एक उत्तर आहे.

कित्येक ग्राहकांनी विदेची दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. काहींनी प्रतीसाठी पैसे भरले होते. परंतु ती प्रतही त्याच आवारात होती, म्हणून तीही गेली. त्यावरून न्यायालयात दावे झाले. दाव्यातून नुकसानभरपाई मिळेल. संघटनेची वीस वर्षांची कागदपत्रे मिळणार नाहीत. दुसरी प्रत दुसऱ्या गावात, दुसऱ्या मालकाकडे ठेवणे आणि ती उघडते की नाही हे दर तीन महिन्यांनी तपासणे, हे काम कोणत्याही कंपनीवर सोपवता येत नाही.

निघून जाण्याचा हक्कही असाच महत्त्वाचा. मुंबईत पागडी खोलीत शिरताना मोजावी लागे. मोठ्या क्लाउड कंपन्या ती सामान बाहेर काढताना वसूल करतात. अॅमेझॉनच्या दरपत्रकात महिन्याला पहिले शंभर गिगाबाईट विनामूल्य आणि पुढे गिगाबाईटमागे सुमारे नऊ सेंट, असा विदा बाहेर नेण्याचा दर आहे. याउलट हेट्सनर ही जर्मन कंपनी युरोपातील आपल्या क्लाउड सर्व्हरवर महिन्याला वीस टेराबाईट, म्हणजे वीस हजार गिगाबाईट, वाहतूक भाड्यातच देत आली आहे. अमेरिकी दराने त्याच वाहतुकीचे बिल दीड हजार डॉलरच्या वर जाईल. एवढी तफावत तारांच्या खर्चामुळे पडत नाही. भाडेकरूने दार ओलांडू नये म्हणून ती ठेवली जाते. युरोपीय संघाच्या विदा कायद्याने सेवा बदलण्याबद्दलचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून मोडीत काढायचे ठरवले आहे. बाजारातील स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करते असे सांगणाऱ्यांनी, ही शुल्के बंद करण्यासाठी कायदा का करावा लागला, याचे उत्तर द्यावे.

सहकाराची कसोटी

तिसरा पक्ष म्हणतो : भांडवलदार नकोत, तर सहकारी संस्था घ्या. हा पक्ष तत्त्वतः सर्वांत जवळचा, म्हणूनच त्याची तपासणी अधिक काटेकोर हवी. जर्मनीतील होस्टशेअरिंग ही सर्व्हर चालवणारी सहकारी संस्था आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे वेबआर्किटेक्ट्स आहे. फ्रान्समध्ये फ्रामासॉफ्टच्या पुढाकाराने २०१६ पासून शातों नावाचे लहान, पारदर्शक सेवा देणाऱ्यांचे जाळे उभे आहे. अशा संस्थांत भाडेकरू सभासद होऊ शकतो, हिशेब मागू शकतो, धोरणावर मत देऊ शकतो. ही गोष्ट चार युरोंच्या खोलीत मिळत नाही.

परंतु 'सहकारी' या शब्दापुढे हात जोडून थांबणे महाराष्ट्रातील वाचकाला तरी परवडणारे नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकार उभा केला, त्याच सहकाराच्या नावाखाली पुढे किती ठिकाणी घराण्यांच्या जहागिऱ्या झाल्या, हे येथे सांगण्याची गरज नाही. सभासद वार्षिक सभेला गेला नाही, ताळेबंद वाचला नाही, की सहकार कागदावर उरतो. शिवाय लहान संस्थेचा तंत्रज्ञ एकटा असेल आणि तो आजारी पडला, तर रात्री बंद पडलेला सर्व्हर कोण उठवणार, हा प्रश्न तत्त्वनिष्ठेने सुटत नाही. किती माणसे काम करतात, त्यांना रीतसर वेतन मिळते की ती उत्साहावर राबतात, हे विचारणे हा अपमान नव्हे. ती सभासदाची जबाबदारी आहे.

भारतातील संघटनांनाही हा विषय परका नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने निर्देश काढले. त्यांनुसार व्हीपीएस पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, आयपी क्रमांक आणि सेवा कोणत्या कारणासाठी घेतली, याच्या नोंदी पाच वर्षे ठेवायच्या आहेत. तेव्हापासून 'सर्व्हर युरोपात हलवू' असा सूर काही ठिकाणी ऐकू येतो. सर्व्हर जर्मनीत गेला म्हणून तो चालवणारा कार्यकर्ता पुण्यातून जर्मनीत जात नाही; त्याच्या दारावर थाप पडायची ती येथेच पडते. दूरचे घर काही बाबतींत उपयोगी असते. ते लढ्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्नांचा क्रम

मग निवड कशी करावी? दरपत्रकाचे रकाने उलट्या क्रमाने वाचावेत. प्रथम, कंपनीची अंतिम मालकी कोणाची आणि ती कोणत्या देशांत व्यवसाय करते, हे नोंदणीच्या कागदांवरून पाहावे. दुसरे, कोणते कायदे तिच्यावर चालतात आणि आदेश आल्यास ती ग्राहकाला कळवण्याचे व मागितले तेवढेच देण्याचे बंधन मानते काय, हे लेखी विचारावे. तिसरे, निघून जाण्याचा खर्च किती आणि विदा सर्वमान्य स्वरूपात नेता येते काय, हे पाहावे. चौथे, दुसरी प्रत दुसऱ्या मालकाकडे ठेवण्याची व्यवस्था आधी करावी आणि मगच पहिला सर्व्हर घ्यावा. पाचवे, तेथील कामगारांना संघटनेचा हक्क आहे काय, हे कामगार संघटनेने तरी विचारलेच पाहिजे. यानंतर प्रोसेसर, मेमरी आणि भाडे यांकडे वळावे.

सगळ्याच गोष्टींना एक माप लावण्याचेही कारण नाही. सभेची जाहिरात आणि जुने अंक सर्वांनी वाचावेत म्हणूनच असतात. ते स्वस्त सर्व्हरवर खुशाल ठेवावेत. सभासदांची यादी, संपनिधीच्या देणगीदारांची नावे आणि अंतर्गत पत्रव्यवहार यांची जागा निराळी. ज्याची गरजच नाही ती माहिती साठवूच नये. जी साठवली नाही ती कोणत्याही आदेशाने नेता येत नाही. आणि याद्या ठेवाव्याच लागल्या, तर त्या सहकारी संस्थेकडे किंवा शक्य असल्यास दोन-चार संघटनांनी मिळून घेतलेल्या स्वतःच्या यंत्रावर, किल्ली स्वतःकडे ठेवून ठेवाव्यात. खर्च थोडा वाढेल. तो वर्गणीतून, सभासदांना कारण सांगून उभा करावा.

आणि हा निर्णय एका तरुण सहकाऱ्याच्या माथी मारू नये. त्याचे ज्ञान मोलाचे आहे. जबाबदारी मात्र कार्यकारिणीची आहे. विषय बैठकीच्या आरंभी घ्यावा, प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत आणि दर वर्षी ती पुन्हा तपासावीत. ब्रिटनमधील त्या ३,२१३ कामगारांच्या नावांवर इतरांनी टिपणे लिहिली. त्यांना ते ठाऊकही नव्हते. संघटनेने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे कोणाच्या कपाटात आहेत, हे निदान संघटनेला तरी ठाऊक असले पाहिजे.